ओबर्लिनचा कागद आणि आपली हलगी

एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत जयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणी, मंडप, मिरवणूक, डीजे लावायचा की बँजो पार्टी सांगायची, यावर रात्र सरते. अशाच एका बैठकीत आम्ही सुचवले होते की, जमलेल्या पैशांतला थोडा भाग वस्तीतल्या दोन पोरांना रीतसर संगीतरचना शिकायला पाठवण्यासाठी बाजूला काढू. नुसते गाणे शिकायला नव्हे. चाल कशी बांधायची, ती कागदावर कशी उतरवायची, दहा वाद्यांत कशी वाटायची, हे शिकायला. एक कार्यकर्ता हसून म्हणाला, "दादा, आपल्याला कशाला शिकायला पाहिजे? आपल्या तर रक्तातच आहे." सगळे हसले आणि चर्चा पुन्हा मंडपावर गेली.

ते वाक्य आम्हाला अजून टोचते. रक्तात असते म्हणजे काय? विद्या आमच्या रक्तात आहे असे ब्राह्मण म्हणाला तेव्हा आपण त्याला जन्मजात गुणांचे थोतांड म्हटले. मग हलगी आपल्या रक्तात आहे हे कौतुक कसे झाले? त्याचा अर्थ एवढाच की, तुम्ही वाजवा, शिकण्याचे काम दुसरे करतील. अमेरिकेतल्या मळेवाल्यांनीही गुलामांबद्दल हेच म्हटले होते. निग्रो जन्मतः गातो, जन्मतः नाचतो. त्याला शिक्षण कशाला, आणि गाण्याचे श्रेय तरी कशाला?

याला त्या लोकांनी काय उत्तर दिले, याचा इतिहास आपल्या पोरांनी वाचला पाहिजे. तो इतिहास एका लहानशा ख्रिस्ती कॉलेजात घडला. ओहायो राज्यातले ओबर्लिन.

ओबर्लिन १८३३ साली जॉन शिफर्ड आणि फिलो स्ट्युअर्ट या दोन धर्मप्रचारकांनी वसवले. जंगल तोडून गाव आणि गावाबरोबर कॉलेज. हेतू धार्मिक होता. समतेची घोषणा करायला ते निघाले नव्हते. समता तिथे पोहोचली ती दुसऱ्याच वाटेने, आणि ती वाट आपल्या कामाची आहे. सिनसिनाटी शहरात लेन सेमिनरी नावाची पाद्री घडवणारी शाळा होती. १८३४ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी थिओडोर वेल्ड याच्या पुढाकाराने गुलामगिरीच्या प्रश्नावर अठरा रात्री वादसभा घेतली. त्या सभेत जेम्स ब्रॅडली हा एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. स्वतःच्या कमाईने स्वतःची किंमत भरून तो गुलामीतून सुटला होता. गुलामांना स्वातंत्र्य झेपेल का, या प्रश्नावर उत्तर द्यायला तो स्वतः उभा राहिला. संस्थेच्या विश्वस्तांनी पुढे अशा चर्चांवरच बंदी घातली, तेव्हा बहुतेक विद्यार्थी शाळा सोडून बाहेर पडले.

ओबर्लिनकडे तेव्हा पैसा नव्हता. न्यूयॉर्कचे टॅपन बंधू पैसा द्यायला तयार होते, लेनमधून बाहेर पडलेले विद्यार्थी यायला तयार होते, आसा माहन आणि चार्ल्स फिनी शिकवायला तयार होते. पण रंग न पाहता प्रवेश दिला पाहिजे, ही अट होती. फेब्रुवारी १८३५ मध्ये विश्वस्तांची बैठक झाली. मते समसमान पडली आणि अध्यक्ष जॉन कीप यांच्या निर्णायक मताने ठराव तरला. ठरावाची भाषाही अशी गुळमुळीत होती की आजच्या एखाद्या शासकीय परिपत्रकात शोभावी. तरीही दार उघडले. दोन वर्षांनी स्त्रियांनाही पदवीच्या अभ्यासाला घेतले गेले आणि १८६२ साली मेरी जेन पॅटरसन ही कृष्णवर्णीय तरुणी तिथून बी. ए. झाली.

आम्ही हे विस्ताराने सांगतो, कारण आपल्यातले काही मित्र मिशनरी म्हटले की एक तर हात जोडतात नाहीतर नाक मुरडतात. दोन्ही चूक. ओबर्लिनचे दार चर्चच्या दयेने उघडले नाही; विद्यार्थ्यांच्या बंडाने आणि देणगीदारांच्या अटीने एक मत इकडचे तिकडे झाले. त्याच पंथाच्या लोकांनी अमेरिकन बोर्ड नावाची परदेशात धर्मप्रचार करणारी संस्था चालवली होती. ही संस्था आपल्याला परकी नाही. १८१३ पासून मुंबईत आणि पुढे अहमदनगरला जे अमेरिकन मराठी मिशन चालले ते याच बोर्डाचे. सिंथिया फरार बाईंच्या मुलींच्या शाळा याच मिशनच्या, आणि त्या शाळा पाहून जोतिरावांना प्रेरणा मिळाली हे आपण अभिमानाने सांगतो. पण हेच बोर्ड स्वतःच्या देशातल्या गुलामगिरीबद्दल मात्र ठाम बोलायला कचरत होते. म्हणून १८४६ साली गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती लोकांनी वेगळी चूल मांडली. अमेरिकन मिशनरी असोसिएशन असे तिचे नाव. लुईस टॅपन तिच्या संस्थापकांत होता आणि ओबर्लिनची माणसे तिच्या कामात पुढे होती. यादवी युद्धानंतर दक्षिणेत मुक्त झालेल्या गुलामांसाठी याच असोसिएशनने शाळा-कॉलेजे काढली. नॅशव्हिलचे फिस्क हे त्यातले एक.

फिस्क १८६६ साली सैन्याच्या सोडलेल्या इस्पितळाच्या बराकींत सुरू झाले. पाच वर्षांतच कर्जात बुडाले. खजिनदार जॉर्ज व्हाइट हा गोरा माणूस संगीतही शिकवायचा. त्याने नऊ विद्यार्थ्यांचे गायनपथक बांधले आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी तो त्यांना घेऊन निधी गोळा करायला निघाला. बहुतेक मुले-मुली गुलामीत जन्मलेली. त्यांची पियानोवादक, आणि खरे म्हणजे त्या पथकाचा कणा, एला शेपर्ड. बापाने पैसे भरून तिला सोडवले होते. लहान वयात तिला पियानो शिकायचा होता. सिनसिनाटीतली एक गोरी शिक्षिका तयार झाली, पण अटीवर: रात्री यायचे, मागच्या दाराने यायचे आणि कुणाला सांगायचे नाही. असे मोजके बारा धडे एलाला मिळाले.

एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत नाकारली गेली आणि पर्शियन घ्यावी लागली, हे ज्याला माहीत आहे त्याला ते मागचे दार वेगळे समजावून सांगायला नको.

आता या पथकाची गंमत पाहा. सुरुवातीला ही मुले गोऱ्यांची गाणी गात होती. सभ्य, पुस्तकी, युरोपी वळणाची. आपल्या आईबापांची गाणी, ज्यांना पुढे स्पिरिच्युअल म्हटले गेले, ती ते खासगीत म्हणायचे. लोकांसमोर म्हणायला लाज वाटायची. ती गाणी गुलामीच्या आठवणीची होती, शिवाय पवित्र होती. तिकीट लावून गायची नव्हती. आणि गोरे नट तोंडाला काळे फासून याच लोकांच्या गाण्याची टिंगल रंगमंचावर करत होते, त्यामुळे आपण गायलो तर लोक हसायलाच येतील ही धास्ती. नोव्हेंबर १८७१ मध्ये पथक ओबर्लिनला आले. तिथे काँग्रिगेशनल चर्चची राष्ट्रीय परिषद भरली होती. त्या पाद्र्यांसमोर मुलांनी आपली जुनी गाणी म्हटली आणि सभा स्तब्ध झाली. तिथून वारे फिरले. पहिल्या दौऱ्यातच वीस हजार डॉलर जमले. १८७३ साली त्यांनी राणी व्हिक्टोरियापुढे गायले. जमलेल्या पैशातून जुबिली हॉल उभा राहिला, तो १८७६ साली खुला झाला. वाटेत मात्र हॉटेलवाले या पथकाला खोली नाकारत होते.

१८७३ हे साल आपल्या वाचकांना पाठ असते. त्याच वर्षी जोतिरावांची 'गुलामगिरी' निघाली, आणि तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना आहे. सत्यशोधक समाज त्याच वर्षीचा. पुढे फ्रेडरिक लाउडिन या जुन्या गायकाने स्वतःच्या हिमतीवर पथक बांधून जगाचा दौरा काढला आणि १८८९-९० च्या सुमारास ही मंडळी भारतातही गाऊन गेली. आग्र्याच्या ताजमहालात त्यांचे सूर घुमले. जोतिराव तेव्हा हयात होते. ज्यांच्या मुक्तीची कहाणी त्यांनी पुण्यात बसून लिहिली, त्यांची मुले याच देशात गात होती.

पण आमचा मुद्दा कागदाचा आहे. पथकाची ती गाणी छापली गेली १८७२ साली. स्वरलेखन केले थिओडोर सेवर्ड या गोऱ्या संगीतज्ञाने. त्याने ते प्रामाणिकपणे केले, त्याच्यावर आमचा राग नाही. तरी कागदावर नाव कुणाचे राहिले? गाणारे एका समूहाच्या नावात विरले, त्यांना शिकवणाऱ्या आया आणि आज्या तर कुठेच नाहीत, आणि लिहून घेणारा मात्र नावानिशी उरला. ज्याला लिहिता येते तो लेखक आणि ज्याला गाता येते ती लोकपरंपरा. हा भेद आपल्या इथे तर तीन हजार वर्षे मुरलेला आहे. जात्यावरची ओवी कुणाची? लोकांची. ती गोळा करून छापणारा मात्र डॉक्टरेट होतो.

म्हणूनच संगीतरचनेचे रीतसर शिक्षण ही पुढची लढाई ठरली.

ओबर्लिनची संगीतशाळा, तिला कॉन्झर्व्हेटरी म्हणतात, १८६५ साली सुरू झाली आणि दोन वर्षांनी कॉलेजचा भाग बनली. तिथे हार्मनी म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी, काउंटरपॉइंट म्हणजे दोन-तीन चाली एकमेकींना धक्का न देता एकत्र चालवणे, वाद्यवृंदासाठी लेखन, हे सगळे शिकवले जाई. आपल्याकडे हे शब्द परके वाटतात. पण चार शाहिरांच्या कोरसात एक झील धरतो, दुसरा वरच्या पट्टीत सूर लांबवतो, तेव्हा आपणही याच गोष्टी कानाने करत असतो. फरक इतकाच की त्या लिहून ठेवल्या की शंभर मैलांवरचा अनोळखी माणूसही त्या जशाच्या तशा उभ्या करू शकतो. मूळ गायक मेला तरी.

रॉबर्ट नॅथॅनिएल डेट १८८२ साली कॅनडात, नायगारा धबधब्याजवळच्या ड्रमंडव्हिल वस्तीत जन्मला. पळून आलेल्या गुलामांनी वसवलेली ही वस्ती. डेटची आजी जुनी गाणी म्हणायची, पण पोराला ती विचित्र वाटायची. त्याचे मन पियानोच्या पुस्तकांत. ओबर्लिनला असताना त्याने एका नावाजलेल्या तंतुवाद्य-चौकडीकडून द्वोर्झाक या चेक रचनाकाराचे संथ लयीतले संगीत ऐकले. ऐकता ऐकता त्याला आजीचा आवाज आठवला आणि तो हलून गेला. द्वोर्झाक १८९२ ते १८९५ न्यूयॉर्कमध्ये शिकवत होता. तिथे हॅरी बर्ली या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याकडून त्याने स्पिरिच्युअल ऐकली होती आणि अमेरिकेचे खरे संगीत या लोकांच्या सुरांतूनच उभे राहील असे जाहीरपणे म्हटले होते. म्हणजे काळ्या पोराला स्वतःच्या आजीच्या गाण्याची किंमत कळायला एक युरोपी माणूस मध्ये यावा लागला. हे आम्हाला खुपते. पण आपल्यालाही हलगीचा ठेका सिनेमात आल्यावरच भारी वाटायला लागतो ना?

१९०८ साली डेट ओबर्लिनमधून रचना आणि पियानो हे दोन्ही विषय घेऊन पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणारा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर झाला. पुढे तो व्हर्जिनियातल्या हॅम्पटन इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला गेला आणि १९१३ ते १९३२ तिथेच राहिला. हॅम्पटनही मुक्त गुलामांसाठीची मिशनरी संस्था. तिथे गोरे पाहुणे आणि देणगीदार यायचे आणि विद्यार्थ्यांनी 'मळ्यावरची गाणी' म्हणून दाखवावीत अशी त्यांची अपेक्षा असायची. गाणी जशी साधी, भाबडी, तशीच राहावीत. विद्यार्थ्यांना हे झोंबायचे. शिकायला आलो की नमुना म्हणून उभे राहायला? डेटने तिसरी वाट काढली. आजीचे गाणे टाकायचे नाही आणि पाहुण्यांसाठी ते जसेच्या तसे वाढायचेही नाही. त्याचे म्हणणे असे की हा साठा आहे, पण त्यातून मोठ्या रचना उभ्या केल्या नाहीत तर तो वाया जाईल. हॅम्पटनच्या गायनवृंदासाठी त्याने एका स्पिरिच्युअलच्या तुकड्यावरून आठ आवाजांची भव्य रचना लिहिली. १९२० साली निग्रो संगीताच्या मुक्तीवरील निबंधाला त्याला हार्वर्डचे बोडोइन पारितोषिक मिळाले. संगीताचीही मुक्ती असते, हे त्या निबंधाच्या नावातच आहे.

आता ओबर्लिनचेच दुसरे तोंड दाखवतो, नाहीतर हा लेख मिशनरी कॉलेजचे माहितीपत्रक व्हायचा.

१८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुलींच्या वसतिगृहात काही गोऱ्या मुलींनी काळ्या मुलींबरोबर एका टेबलावर जेवायला हरकत घेतली. प्रार्थना एकत्र, वर्ग एकत्र, पंगत वेगळी. चवदार तळ्याच्या लेकरांना हे नवीन नाही. याच ओबर्लिनमधून १८८४ साली मेरी चर्च टेरेल पदवीधर झाल्या आणि पुढे देशातल्या मोठ्या नेत्या बनल्या. तीस वर्षांनी त्यांनी आपल्या मुलींना तिथे पाठवले, तेव्हा वसतिगृहात राहण्यावरून मुलींना वर्णभेद सोसावा लागला. टेरेल यांनी अध्यक्ष हेन्री चर्चिल किंग यांना पत्रे लिहून जाब विचारला. आईला जे मिळाले ते मुलींना मिळाले नाही. म्हणजे एकदा उघडलेले दार उघडेच राहते असे नाही. ज्या संस्थेने ठराव केला तीच संस्था दोन पिढ्यांनी तो विसरते. आपल्या संस्थांकडे पाहून हे वाक्य कुणाला लागले तर लागो.

याच काळात, १९१७ साली, विल्यम ग्रँट स्टिल ओबर्लिनला आला. मिसिसिपीत जन्मलेला, आईची इच्छा मुलाने डॉक्टर व्हावे अशी. विल्बरफोर्स या काळ्यांच्या स्वतःच्या ख्रिस्ती विद्यापीठात तो विज्ञान शिकला, पण जीव संगीतात. बापाच्या वारशाचे थोडे पैसे हाती आले, तेव्हा त्याने ओबर्लिन गाठले. संगीतशास्त्राचे प्राध्यापक लेमान यांनी त्याचे काम पाहून विचारले की तू रचना का शिकत नाहीस? त्याने सरळ सांगितले, पैसे नाहीत. मग शिक्षकांच्या समितीने निर्णय केला आणि जॉर्ज अँड्र्यूज यांच्याकडे त्याला विनामूल्य रचना शिकवली गेली. मध्ये युद्ध आले, तो नौदलात भटारखान्यात खपला, परत आला. १९३० साली त्याने 'आफ्रो-अमेरिकन सिंफनी' लिहिली आणि १९३१ मध्ये रॉचेस्टरच्या वाद्यवृंदाने ती वाजवली. देशातल्या एका नावाजलेल्या वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय माणसाची सिंफनी वाजवण्याची ही पहिली वेळ. तिची मुख्य चाल ब्लूजची आहे, म्हणजे गुत्त्यात आणि गल्लीत गायल्या जाणाऱ्या गाण्याची. आणि वाद्यांत बँजो आहे. होय, बँजो. आफ्रिकेतून आलेल्या गुलामांनी घडवलेले आणि पुढे त्यांचीच टिंगल करायला वापरले गेलेले वाद्य स्टिलने सिंफनीच्या मांडवात आणून बसवले. चर्चने जे गाणे पापाचे मानले तेच ख्रिस्ती कॉलेजात शिकलेल्या विद्येने त्याने दरबारात नेले. विद्या संस्थेची असते, पण तिचा उपयोग काय करायचा हे शिकणारा ठरवतो. बाबासाहेबांनी कोलंबियाचे आणि लंडनचे शिक्षण कुठे वापरले, हेही तेच सांगते.

शर्ली ग्रॅहमची गोष्ट मात्र आपल्या मुलींनी खास वाचावी. पाद्र्याची मुलगी, दोन मुलांची आई, नवरा बरोबर नाही. पस्तिशीच्या घरात, १९३१ साली, ती ओबर्लिनमध्ये शिकायला आली. विद्यार्थिनी असतानाच तिने 'टॉम-टॉम' नावाची ऑपेरा लिहिली. आफ्रिका, मळा आणि शहर अशी तीन अंकांत काळ्या माणसाची वाटचाल, आणि सगळ्यातून वाजत राहणारा ढोल. १९३२ च्या उन्हाळ्यात क्लीव्हलँडच्या मैदानात ती सादर झाली. सुमारे पाचशे कलाकार. पहिल्या खेळाला दहा हजार, दुसऱ्याला पंधरा हजार प्रेक्षक. ढोल या एका वाद्यावर अख्खी ऑपेरा! आपल्याकडे हलगी मर्तिकाला आणि देवीच्या पालखीला, तेही हात जोडून.

याच शर्ली ग्रॅहमने १९५१ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी लग्न केले. ड्यू बॉइस हे नाव आपल्या चळवळीतल्या पोरांना माहीत असते ते एका पत्रामुळे. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना लिहिले, निग्रोंच्या प्रश्नाचा आपण अभ्यास करत आलो आहोत असे सांगितले आणि संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागवली. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले. पण हे ड्यू बॉइस स्वतः फिस्कचे, १८८८ चे पदवीधर, हे आपण सांगत नाही. गाण्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या जुबिली हॉलच्या सावलीत ते शिकले. १९०३ च्या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर स्पिरिच्युअलच्या स्वरलिपीची एक ओळ छापलेली आहे, आणि शेवटचे प्रकरण त्या गाण्यांवरच आहे. समाजशास्त्राच्या या पंडिताने स्वरलिपीलाही पुराव्याची जागा दिली. आपण बाबासाहेबांचे आणि ड्यू बॉइस यांचे पत्र चौकटीत लावतो, पण त्या पुस्तकातल्या स्वरांच्या ओळी ओलांडून पुढे जातो.

कुणी म्हणेल, या सगळ्यात काळ्या लोकांच्या गाण्याला युरोपी कपडे घातले गेले. डेटवर हा आक्षेप त्याच्या हयातीतच घेतला गेला. आक्षेपात तथ्य आहे. आठ आवाजांत बसवलेल्या गाण्यात कापसाच्या शेतातली धग काही प्रमाणात निवते. आपल्याकडेही जलशाचे बैठकीचे गाणे झाले की त्यातली वीज जाते, हे आम्ही ऐकले आहे. तरी एक गोष्ट तपासा. कपडे घालायचे की नाही हे डेटने ठरवले. त्याच्या आधीच्या पिढीला ते ठरवण्याचा अधिकारच नव्हता, कारण शिवणकाम दुसऱ्याच्या हातात होते.

आपल्याकडे शिवणकाम कुणाच्या हातात गेले? पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांनी स्वरलिपी केली, लखनौला १९२६ मध्ये संगीताचे कॉलेज उभे केले. मुसलमान उस्तादांच्या आणि नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायांच्या घरातली विद्या वर्गात आली, परीक्षा आल्या, प्रमाणपत्रे आली. विद्या घराबाहेर पडली हे चांगलेच झाले. पण वर्गात जाऊन बसले ते कोण, याचा हिशेब करायला फार गणित लागत नाही. सनई, हलगी, डफ, संबळ पिढ्यान्पिढ्या वाजवणाऱ्या जाती त्या वर्गाच्या बाहेर, लग्नाच्या मांडवाबाहेर उभ्या राहाव्यात तशा, उभ्याच राहिल्या.

आणि आपल्या बाजूनेही एक गाठ आहे, ती लपवू नये. बाबासाहेबांच्या हाकेनंतर गावकीची कामे टाकली, त्यात ठिकठिकाणी वाजवणेही टाकले. ते बरोबरच होते. ते वाजवणे कला नव्हती, वेठ होती. फिस्कच्या मुलांना आईबापांच्या गाण्याची जी लाज वाटली, ती आपल्या आजोबांना हलगीची वाटली, आणि दोघांचीही लाज समजण्यासारखी आहे. मात्र आपल्या लोकांनी तिथे न थांबता सत्यशोधक जलशाच्या वाटेवर आंबेडकरी जलसा उभा केला. भीमराव कर्डकांच्या पिढीने गण-गौळण बाजूला सारून माणूसपणाची भाषा फडावर आणली. वामनदादांनी शेकडो गाणी रचली आणि शेवटच्या ओळीत आपले नाव गुंफले. ही नाममुद्रा म्हणजे कागद हातात नसलेल्या माणसाने केलेली नोंद आहे. गाणे कुठेही गेले तरी मालकाचे नाव घेऊनच जाईल.

पण नाममुद्रा शब्दांची होते, चालीची होत नाही.

एका जुन्या जलसाकाराची वही आम्ही पाहिली आहे. शाईने लिहिलेली, कडा झिजलेली, पाने सुटी झालेली. प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर 'चाल' असे लिहून पुढे एखाद्या जुन्या सिनेमातल्या गाण्याचे नाव. ती गाणी आजही उभी करता येतात, कारण सिनेमावाल्याने आपली चाल जपून ठेवली आहे. पण मधली काही पाने अशी आहेत की तिथे 'चाल' शब्दापुढे फक्त 'स्वतंत्र' एवढेच लिहिले आहे. म्हणजे ती चाल त्यांनी स्वतः बांधली होती. त्या माणसाची खरी रचना तीच. आम्ही त्यांना म्हणून दाखवायला सांगितले. एकाची पहिली ओळ त्यांना आठवली, दुसऱ्याचा ठेका त्यांनी बोटांनी मांडीवर वाजवून दाखवला, बाकीच्या पानांपाशी ते बराच वेळ गप्प बसून राहिले. मग म्हणाले, "कोरसवाला असता तर आठवलं असतं." कोरसवाला वारला होता.

७ मे १९३७ रोजी सिनसिनाटीच्या संगीत महोत्सवात डेटचे 'द ऑर्डरिंग ऑफ मोझेस' पहिल्यांदा सादर झाले. गुलाम असलेल्या लोकांना बाहेर काढणाऱ्या मोझेसची कथा, तिच्या पोटात स्पिरिच्युअल, आणि मांडणी भल्यामोठ्या वाद्यवृंदाची. एनबीसी रेडिओ ते देशभर ऐकवत होते. निम्म्याहून जास्त झाल्यावर निवेदकाने मध्येच प्रसारण थांबवले. वेळापत्रकाचे कारण दिले गेले. काळ्या माणसाचे संगीत ऐकवले म्हणून तक्रारी आल्या असाव्यात, असा संशय तेव्हापासून आहे. डेट १९४३ मध्ये वारला. मे २०१४ मध्ये सिनसिनाटीच्याच मंडळींनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती रचना पुन्हा सादर केली आणि या वेळी ती रेडिओवर शेवटपर्यंत गेली. प्रसारण तोडता आले होते, पण स्वर कागदावर होते.

या जयंतीच्या बैठकीत आम्ही तोच प्रस्ताव पुन्हा मांडणार आहोत. दोन पोरांची फी. आणि त्यांचा पहिला अभ्यास म्हणून ती वही, 'स्वतंत्र' लिहिलेल्या पानांपासून, जोवर तो म्हातारा मांडीवर ठेका धरू शकतो आहे तोवर.